दोन बोटांची फट

२ मार्च

साहेबांनी दिलेल्या वहीत आजपासून लिहायला घेतो. कागद गुळगुळीत आहे, पेन घसरतं. पुठ्ठ्यावर आपलं नगरचिन्ह छापलंय. बाहेर गोल कडं, आत एका पायावर उभा करकोचा, त्याच्या दुसऱ्या पायात धरलेला दगड, खाली पाण्याच्या तीन लाटा. कड्याला उजवीकडे, खालच्या अंगाला, दोन बोटांची फट. सदतीस वर्षं मी हे चिन्ह रंगवलं. पाण्याच्या टँकरवर, कचऱ्याच्या गाड्यांवर, शाळांच्या फाटकांवर. एकदा वाऱ्याने रंग उडून एका शिक्षकांच्या कोटावर अर्धा करकोचा उमटला होता. ते म्हणाले, राहू दे, आता पगारही पालिकेनेच द्यावा.

शाळा माझी चौथीपर्यंत. लोक वाचून शिकतात, मी पाट्या लिहून शिकलो.

आज साहेबांनी मला न्यायला गाडी पाठवली. साहेब म्हणजे नगरपालिकेचे मुख्याधिकारी. वयाने माझ्या मुलाएवढे, पण मी आत गेलो तर खुर्चीतून उठले. म्हणाले, "काका, या चिन्हाची जेवढी माहिती तुमच्या डोक्यात आहे तेवढी आमच्या कपाटांत नाही. लिहून द्या. काय कशाची खूण, काय केव्हा आलं. विशेषतः ही फट."

वीस तारखेपर्यंत द्यायचंय. कारण सत्तावीसला सभेपुढे पलीकडच्या वस्तीचा अर्ज आहे. पुलाच्या पलीकडच्या तोंडाशी दोनशे घरं. तीन पिढ्या शहराची कामं करतात, पण शहराच्या हद्दीत नाहीत. आता तिथे नदीचा बांध व्हायचाय आणि घरं पाडायची नोटीस लागली आहे. हद्दीत घेतलं तर आधी दुसरी जागा दिल्याशिवाय कोणाला हलवता येत नाही. अर्जाचा सगळा भार पालिकेच्या एका जुन्या ठरावावर आहे: "चिन्हातल्या उघड्या दाराला स्मरून, नदीकाठी वीस वर्षं राहिलेल्या कोणालाही हे शहर परकं मानणार नाही." उघडं दार म्हणजे तीच फट.

अर्ज लिहिलाय माझ्या व्याह्यांनी. माझी सून त्याच वस्तीतली. म्हणजे माझ्या टिपणाने अर्जाला बळच येणार. साहेबांनी नेमकं मलाच बोलवावं, याला योग म्हणतात.

५ मार्च

व्याह्यांना सांगायला गेलो. पुलाच्या तोंडाशी त्यांची किल्ल्यांची टपरी. टपरी कसली, कपाटच ते, दार उघडलं की दुकान. मुलाच्या लग्नात त्यांनी आम्हाला दाराचं कुलूप दिलं होतं, स्वतः घडवलेलं, तीन किल्ल्यांसकट. एक मुलाला, एक सुनेला, एक मला. मुलगा लांब बंदरावर कामाला, तीन-चार महिन्यांनी येतो, पण किल्ली गळ्यात घालून हिंडतो म्हणे.

मी म्हटलं, "साहेब उभे राहिले माझ्यासाठी."

व्याही कानस थांबवून म्हणाले, "पाठीत उसण भरली असेल."

"थट्टा नको. गाडी पाठवली होती."

"अहो व्याहीबुवा, तुम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय."

"या वयात कुठल्याही झाडावर चढवलं तरी बरंच वाटतं."

ते हसले. हसताना डोळे मिटून घ्यायची त्यांची सवय सुनेतही आली आहे. मग म्हणाले, "साऱ्या शहराच्या कुलपांना माझ्या हातच्या किल्ल्या लागतात. आता एकदा शहराने आपल्या हाताने दार उघडावं. लिहा, पण नीट लिहा. घरात सतरा माणसं आहेत माझ्या."

मी म्हटलं, निर्धास्त राहा. निघताना त्यांनी मला एक जुनी पितळी किल्ली दिली. कुठल्याच कुलपाची नाही. कागद दाबून ठेवायला बरी, म्हणाले.

८ मार्च

आज पहिलं पान झालं. करकोचा आटोपला.

माझे उस्ताद सांगायचे ती गोष्ट लिहिली. तटावर पहारेकरी ठेवले तर ते डुलक्या घ्यायचे. म्हणून कोणा शहाण्याने शहराला करकोचा दाखवला. हा पक्षी एका पायावर उभा राहून दुसऱ्यात दगड धरतो. डोळा लागला की दगड सुटतो, खाली पडतो आणि त्याचा तोच जागा होतो. जो स्वतःला जागं ठेवायची सोय स्वतःच करतो तो खरा राखणदार. लाटा तीन, कारण तीन महापूर आले. चौथा आलाच तर लाट काढायला जागा नाही, असं उस्ताद म्हणायचे. कडं म्हणजे तट.

फटीबद्दल चिमणीला विचारलं. चिमणी म्हणजे माझी नात, दहाची. शाळेत पाठ करून घेतात, ते तिने हात मागे बांधून घडाघडा म्हटलं: "आपल्या तटाला दार आहे पण दाराला झडप नाही. जो पाण्यातून येतो त्याला आपण कोरडी जागा देतो." मग हात सोडून म्हणाली, "आबा, ते दार किल्लीआजोबांच्या घराकडे उघडतं. मी नकाशावर ठेवून पाहिलं."

मीही वहीवर ठेवून पाहिलं. खरंच नदीकडेच उघडतं. माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. दिव्याखाली अंधार.

११ मार्च

पालिकेच्या जुन्या कचेरीच्या छज्ज्याखाली मूळ चिन्ह दगडात कोरलेलं आहे. पुढे पत्र्याची पडवी झाली तेव्हापासून रस्त्यावरून ते दिसत नाही. सध्या डागडुजीसाठी परांची बांधली आहे. फट पहिल्यांदा कोणी घडवली ते पाहावं म्हणून गेलो. गवंडी ओळखीचा. म्हणाला, "काका, या गुडघ्यांनी वर जाल, पण खाली यायला पालिकेचा ठराव लागेल." तरी चढलो.

कबुतरांनी सगळं माखून ठेवलं होतं. गवंड्याच्या ओल्या फडक्याने पुसत गेलो. आधी चोच निघाली, मग मान, मग दगड. कारागीर मोठा होता. दगडाच्या पायात दगड धरवलाय आणि वजन कळतं. मग कडं पुसायला घेतलं. बारीक बारीक कंगोरे आहेत तटासारखे. डावीकडून सुरू केलं, वरून फिरून उजवीकडे आलो, खाली उतरलो, पुन्हा डावीकडे पोचलो.

फट नाही.

पुन्हा बोट फिरवलं. मग डोळे मिटून फिरवलं. बांगडीसारखं सलग.

खाली उतरल्यावर गवंडी म्हणाला, "काय काका, भूत बघितलं?" मी म्हटलं, चक्कर आली जराशी.

१२ मार्च

काही लिहिलं नाही. जेवणही गेलं नाही. सून म्हणाली, डॉक्टरकडे जाऊ. मी म्हटलं, ऊन लागलं. बाहेर ऊन नव्हतं.

१३ मार्च

पलंगाखालची ट्रंक काढली. तळाशी गोणपाटात गुंडाळलेला माझा पत्रा आहे, चिन्हाचा पहिला साचा, मी स्वतः कापलेला. पत्र्यात आकार कापायचा, तो भिंतीवर धरायचा, वरून रंगाचा बोळा मारायचा, की कापलेल्या जागेतून चिन्ह उमटतं. पण गोल कडं पूर्ण कापलं तर आतली चकती सुटून खाली पडणार, करकोच्यासकट, लाटांसकट. म्हणून कड्यात एके ठिकाणी पत्रा न कापता जोड ठेवावा लागतो. तेवढ्या जागी रंग लागत नाही. साचा उचलला की ब्रशने ती जागा भरून कडं पुरं करायचं. उस्ताद पहिल्या दिवशी शिकवायचे, "छापा मारलास, अर्धं काम झालं. जोड भरलास, काम झालं."

मी जोड ठेवला होता उजवीकडे, खाली. डाव्या हाताने बोळा मारायची माझी सवय, उजव्या हाताने धरायला ती जागा सोयीची. दोन बोटं रुंद. इतकंच कारण. नदी नाही, दार नाही.

आणि भरला का नाही, तेही आठवलं. पालिकेच्या नव्या बेचाळीस गाड्या रांगेत उभ्या होत्या, दुसऱ्या दिवशी मिरवायच्या. उस्ताद आजारी होते, मी एकटा. सगळ्यांवर छापे मारून झाले, ब्रश हातात घेतला, तेवढ्यात शेजारचा धावत आला की घरी ही अडली आहे. डबा तिथेच टाकून पळालो. मुलगा झाला. दोन दिवसांनी परत गेलो तोवर गाड्या शहरभर फिरून आल्या होत्या. पाठोपाठ तेव्हाच्या अध्यक्षांनी भाषण केलं, आमच्या रंगाऱ्याने तटाचं जुनं दार उघडं ठेवलंय, यातून शिका. टाळ्या पडल्या. मी पंचवीस वर्षांचा, पहिल्यांदा टाळ्या. झाकली मूठ ठेवली. पुढे तो ठराव झाला. पुढे शाळेच्या पुस्तकात गेलं. ऐकून ऐकून मलाही खरंच वाटायला लागलं की दार मूळ दगडातच होतं, मी फक्त उतरवलं.

१५ मार्च

सून ओटा पुसत होती. तिला सगळं सांगितलं. पुसायची थांबली नाही, पण त्याच जागेवरून फडकं फिरत राहिलं.

म्हणाली, "अप्पांना सांगितलंत?" अप्पा म्हणजे तिचे वडील, आमचे व्याही.

"आधी लिहून काढतो. मग सांगतो."

"बाबा, हे लिहू नका."

"अगं, पण साहेबांनी विश्वासाने विचारलंय."

"विचारणारा का विचारतो, ते आधी विचारावं. फट केव्हा आली, हेच का हवंय त्यांना? लाटांचं का नाही?"

"लाटांचं कोणी विचारत नाही, पोरी."

"तेच म्हणतेय मी."

मग म्हणाली, "ज्याला चूकच हवी आहे त्याच्या हातात चूक नेऊन देऊ नये."

माणूस घाबरला की त्याला सगळीकडे लांडगे दिसतात. तिचं माहेर आहे, समजू शकतो. पण उद्या कोणी दुसरा परांचीवर चढला आणि त्याने बोट फिरवलं तर? म्हणतील, व्याह्यासाठी खोटं लिहिलं. त्यापेक्षा आपण सरळ सांगावं आणि वर सांगावं की चूक असली तरी ठेवण्याजोगी आहे. खऱ्याला मरण नाही, असं ही म्हणायची. ही जाऊन नऊ वर्षं झाली.

१९ मार्च

चार पानं झाली. तीन इतिहासाची. करकोचा, लाटा, कडं, आणि पत्रा, जोड, बेचाळीस गाड्या, माझी चूक, सगळं कबूल. चौथं पान मनापासूनचं आहे. पाच वेळा लिहिलं. त्यातलं हे इथे उतरवून ठेवतो:

"चूक माझी. पण सदतीस वर्षं हे शहर त्या चुकीतून ये-जा करत आहे. पायांनी तुडवून तुडवून जी वाट पडली तिला नंतर कोणी चूक म्हणत नाही, वाट म्हणतात. दगडातलं कडं ज्याने कोरलं त्याला पूर अडवायचा होता, माणसं नव्हे. मी रंगारी आहे, मला भरायचं काय आणि सोडायचं काय एवढंच कळतं. ही जागा सोडावी."

चौथं पान वाचून मलाच भरून आलं. आपणच लिहायचं आणि आपणच रडायचं.

२० मार्च

टिपण दिलं. साहेबांनी समोर बसून वाचलं. तिसऱ्या पानाशी थांबले, परत वाचलं. म्हणाले, "काका, तुम्ही किती प्रामाणिक आहात याची तुम्हाला कल्पना नाही." मी म्हटलं, वयाबरोबर माणूस आळशी होतो, खोटं सांभाळायला मेहनत पडते. खूप हसले.

तिन्ही पानांवर सही घेतली. चौथं पान घडी घालून माझ्या खिशात ठेवलं, स्वतःच्या हाताने. म्हणाले, "हे फार वरच्या दर्जाचं आहे. हे फायलीत नको. तुमच्याकडेच जपून ठेवा." एवढा मान कोणी दिला नव्हता. सभेत बोलायला मिळालं तर हेच वाचीन.

व्याह्यांकडे गेलो नाही. कळेलच त्यांना, आणि चांगलं कळेल.

२७ मार्च

मला पहिल्या रांगेत खुर्ची होती, नाव चिकटवलेली. व्याही मागे, वस्तीच्या लोकांबरोबर उभे. त्यांनी दाढी केली होती, मुलाच्या लग्नातला कोट घातला होता. मला पाहून लांबून हात केला.

अर्ज वाचला गेला. "आपल्या नगरचिन्हातलं दार आमच्याकडे तोंड करून आहे," अशी सुरुवात. छान लिहिलाय. मग साहेब उठले. म्हणाले, ज्या खुणेवर हा अर्ज आणि तो ठराव उभा आहे, तिची पाहणी आम्ही एका अधिकारी माणसाकडून करून घेतली. आणि माझं तिसरं पान वाचलं. "फट कोणत्याही हेतूने ठेवलेली नाही. साच्याचा जोड भरायचा राहून गेला. मूळ दगडात कडं सलग आहे."

सगळं माझंच. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

अध्यक्षीणबाईंनी पान उंच धरलं. "काका, हे तुमचंच अक्षर ना?"

मी उभा राहिलो. "हो, पण याच्यापुढे अजून एक पान..."

"हो किंवा नाही, तेवढंच हवंय काका."

"हो."

टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी. बाईंनी सांगितलं, असा खरेपणा दुर्मीळ झालाय. मी खिशातून चौथं पान काढत होतो. घडी उलगडेना. तोवर पुढचा विषय आला होता. जे उघडं दार कधी नव्हतंच त्याला स्मरून केलेला ठराव रद्द. अर्ज फेटाळला. हात वर झाले, मोजायची गरज पडली नाही. आणि चिन्ह मूळ स्वरूपात आणायचं, हेही त्यातच.

मागे वळलो तर वस्तीची माणसं बाहेर पडत होती. व्याही दारात थांबले, एकदा माझ्याकडे पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं. एखाद्या कुलपात नेहमीची किल्ली फिरेना झाली की ती काढून ते जशी बघतात, तसं पाहिलं.

हात दाखवून अवलक्षण. ही म्हण मीच एका ज्योतिष्याच्या दुकानामागे खडूने लिहिली होती, गंमत म्हणून.

२९ मार्च

सून बोलते. वाढू का, औषध घेतलंत का, दिवा लावू का. एवढंच बोलते.

२ एप्रिल

साहेबांकडे गेलो. दोन दिवस मनाशी बोलणं जुळवत होतो. आता शहरभरच्या फटी भरायला ते मलाच बोलावणार, दुसरा आहे कोण. तेव्हा ताठ मानेने सांगायचं, या हातांनी ती फट भरणार नाही, करायचं ते करा. आणि वर चौथं पान टेबलावर ठेवायचं.

तासभर बाहेर बसलो. साहेब निघता निघता भेटले, उभ्याउभ्या. मी म्हटलं, "साहेब, फटी भरायच्या कामाचं..."

"काका, त्याची काळजी तुम्ही करू नका. या वयात कुठे शिडीवर चढता. स्टिकर छापून आलेत." शिपायाला सांगून एक आणवला आणि माझ्या हातात दिला. "आठवण म्हणून ठेवा."

नकार द्यायला गेलो होतो. नकार द्यायलाही आधी कोणीतरी काही मागायला हवं.

घरी येऊन स्टिकर नीट पाहिला. कडं सलग आहे, यंत्राने काढलेलं, एकाच जाडीचं. लाटा तीन. करकोचा एका पायावर. दुसरा पाय नुसताच दुमडलेला, त्यात दगड नाही. बारीक आकारात दिसत नसेल, काढून टाकला असेल. आता त्याने कितीही डुलक्या घेतल्या तरी काही पडणार नाही.

६ एप्रिल

पाण्याच्या टँकरवर नवे स्टिकर लागले. खालचं माझं काम खरवडलंही नाही, वरूनच डकवलंय. पुलाकडे गेलो. टपरीला कुलूप. पलीकडे वस्तीच्या कडेची पहिली ओळ पाडून झाली होती. एक पिवळं यंत्र घरांच्या आत इतक्या हळू जात होतं की कोणाला लागू नये म्हणून काळजी घेतंय असं वाटावं. एक बाई भिंत पडायच्या आधी खिडकीची चौकट काढून घेत होती. कोणी रडत नव्हतं. सगळ्यांना कामं होती.

मी या बाजूलाच उभा राहिलो. पलीकडे जाऊन काय बोलणार होतो? वरातीमागून घोडं.

९ एप्रिल

दुपारी पत्रा काढला. एवढा अनर्थ केला तो हा जोड, दोन बोटांचा. पत्र्याची कात्री घेतली आणि कापला. सरळ कापला गेला. सवय.

चकती सुटून फरशीवर पडली. करकोचा, दगड, लाटा, अख्खं शहर. गोल गोल फिरत राहिली आणि मग आडवी झाली. चिमणी धावत आली. "आबा, काय पडलं?"

मी म्हटलं, काही नाही, कडं पुरं केलं.

इतकी वर्षं हाताखाली होतं आणि आत्ता कळलं. आतलं सगळं त्या न कापलेल्या जागेवरच तोललेलं होतं. चौथ्या पानावर हे लिहायला हवं होतं. तेही कोणी वाचलं नसतं म्हणा.

१२ एप्रिल

सकाळी व्याही आले. दाराबाहेर हातगाडी. तीवर भांडी, गाद्या, कानशींची पेटी, वर उलटी बांधलेली खुर्ची. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. घरातली बाकीची माणसं पुढे गेली होती. नदीच्या वरच्या अंगाला, दोन दिवसांच्या वाटेवर, कोणा चुलत्याची जागा आहे म्हणे.

"आत या," मी म्हटलं.

"उंबऱ्यावर बरंय. सवय आहे."

सुनेने चहा दिला. बशीतून प्याले, नेहमीसारखे फुंकून. म्हणाले, "अक्षर मात्र सुरेख हो तुमचं. मागच्या रांगेतून वाचता येत होतं."

खिशात चौथं पान होतं, ते दिलं. त्यांनी वाचलं, ओठ हलवत, सावकाश. घडी घालून परत दिलं.

"व्याहीबुवा, हे पहिलं पान करायचं होतं."

मग म्हणाले, "चिमणी म्हणत होती, तो जुना पत्रा अजून आहे तुमच्याकडे. द्या मला. जाऊ तिथे दारावर छापीन. फटीसकट."

शेवटी सूनच उठली आणि दोन्ही तुकडे आणून त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी चकती उचलली, भोकात बसवून फिरवून पाहिली, किल्लीसारखी. नेमकी जागा सापडली. कापलेल्या रेघेवरून अंगठा फिरवला.

"कधी कापलात?"

"तीन दिवस झाले."

"झाळून जोडून देता आलं असतं. भट्टी गाडीच्या तळाशी गेली. सगळं उतरवावं लागेल." मग चकती माझ्या मांडीवर ठेवली. "असू दे. आतलं तुमच्याकडे ठेवा. बाहेरचं मी नेतो. बाहेरचं आमच्या सवयीचं आहे."

आणि तो भोकाचा पत्रा त्यांनी खरंच गाडीला मागे बांधला.

सून आणि चिमणीही बरोबर गेल्या आहेत. नवी जागा लावायला हात हवेत, चार-आठ दिवसांत येऊ, म्हणाली. माझं जेवण शेजारी सांगून ठेवलंय, औषधांच्या पुड्यांवर सकाळ-दुपार लिहून ठेवलंय, ओटा चकचकीत पुसून ठेवलाय. गुणाची आहे. चिमणीचे थंडीचे कपडेही घेतले, नदीकाठी गारठा असतो. शाळेचा दाखलाही घेतला, असलेला बरा म्हणाली. मुलाला पत्र तिने स्वतःच टाकलंय, तेव्हा मी वेगळं लिहीत नाही.

गाडी पुलावर चढेपर्यंत पाहत होतो. पत्र्याच्या गोल भोकातून मागून भांडी दिसत होती, मग चिमणीचा लाल स्वेटर, मग नुसतं आभाळ.

आत्ता लिहिताना लक्षात आलं, सून आपली किल्ली खुंटीलाच विसरून गेली. अचानक आली तर खोळंबा नको. दार लोटून ठेवलंय, दोन बोटं उघडं.